रविवारची शाळा आणि पन्नास फुटांची मोकळी जागा

डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेले ट्रॉय हे मिशिगन राज्यातले एक सुखवस्तू उपनगर. १९५५ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. केमार्ट या दुकानांच्या साखळीचे मुख्यालय १९७२पासून कितीतरी वर्षे इथेच होते. आज शहराची लोकवस्ती ८७ हजारांच्या आसपास आहे आणि मोटारउद्योगाला सुटे भाग, आराखडे आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांमुळे भारतातून आलेल्या इंजिनिअरांची घरे गल्लोगल्ली आढळतात. डेट्रॉइट परिसरातले भारतीय टेंपल याच गावात आहे आणि तिथल्या गणेशोत्सवात मराठी आवाज हटकून कानावर पडतो. शहरातली सरकारी शाळा चांगली, म्हणून लोक इथे घर घेतात. मुसलमान कुटुंबेही त्याच कारणाने इथे आली. पण २०१८पर्यंत सत्तरहून अधिक प्रार्थनास्थळे असलेल्या या शहरात एकही मशीद नव्हती, आणि मशीद नव्हती म्हणून मुलांना कुराण शिकवायला हक्काचा वर्गही नव्हता.

त्या वर्षी अ‍ॅडम कम्युनिटी सेंटर या संस्थेने रॉचेस्टर रोडवरची आधीपासून उभी असलेली एक इमारत नमाज आणि मुलांच्या शिक्षणासाठी वापरायची परवानगी मागितली. अडचण धर्माची आहे असे कागदावर कुणीच म्हटले नाही. अडचण होती फुटांची. शहराच्या जमीनवापराच्या नियमात प्रार्थनास्थळाच्या चहूबाजूंनी किमान ५० फूट जागा मोकळी सोडण्याची अट होती, आणि त्या मोकळ्या पट्ट्यात गाड्या लावायलाही मनाई होती. चित्रपटगृह किंवा समारंभाचा हॉल यांच्यावर इतकी कडक अट नव्हती. म्हणजे त्याच चार भिंतींत दोनशे माणसे लग्नाच्या जेवणाला बसली तर चालणार होते, नमाजाला उभी राहिली तर नियम आडवा येणार होता. संस्थेने सवलत मागितली. जून २०१८मध्ये शहराच्या झोनिंग अपील मंडळाने ती नाकारली.

प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९मध्ये खुद्द अमेरिकेच्या न्याय विभागाने ट्रॉय शहरावर दावा दाखल केला. आधार होता २००० साली झालेल्या एका केंद्रीय कायद्याचा. जमीनवापराचे नियम लावताना धार्मिक संस्थांना इतर सभास्थानांपेक्षा वाईट वागणूक देता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. मार्च २०२२मध्ये न्यायाधीश नॅन्सी एडमंड्स यांनी शहराचा नियम या कायद्याचा भंग करतो असा निकाल दिला. अर्ज नाकारल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ चार वर्षे गेली. सहा वर्षांचे मूल तेवढ्यात दहा वर्षांचे होते, आणि कायदा नावाची अरबी मुळाक्षरांची पोथी शिकायचे वय मागे पडते.

डेट्रॉइट परिसरातल्या इस्लामी शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत दिसते. आपल्या मुलांना आपला धर्म शिकवण्याचा हक्क अमेरिकेत मुसलमानांना फारसे भांडावे न लागता मिळाला, कारण त्यासाठीची भांडणे इतरांनी आधीच केली होती. मुलांना बसवायचे कुठे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला, प्रत्येक गावात, नव्याने सोडवावा लागला.

सुरुवात ट्रॉयपासून दक्षिणेला काही मैलांवर, हायलंड पार्कमध्ये झाली. हेन्री फोर्डने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडायला सुरुवात केली ती इथल्या कारखान्यात, आणि १९१४ साली दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर केला तोही इथेच. त्या पगाराच्या ओढीने सीरिया-लेबनॉनकडचे अरब, तुर्क, अल्बानियन असे मुसलमान कामगार आले. बोटींवरून उतरून परस्पर पसार झालेले बंगाली खलाशीही पुढच्या काळात डेट्रॉइटच्या कारखान्यांत पोचले. फोर्डने कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. तिच्या पदवीदान समारंभात एक भलीमोठी कढई मंचावर असे. आपापल्या देशी पोशाखातले कामगार एका बाजूने तिच्यात उतरत आणि अमेरिकी सूट घालून, हातात झेंडे घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर येत. त्या कामगारांच्या मुलांनी घरचा धर्म कुठे शिकायचा, याची सोय अर्थातच कारखान्याकडे नव्हती.

ती सोय करायचा पहिला प्रयत्न १९२१चा. मोहम्मद कारूब या सीरियन व्यावसायिकाने हायलंड पार्कमध्ये मशीद बांधली. मशीद म्हणूनच मुद्दाम बांधलेली अमेरिकेतली ही पहिली इमारत मानली जाते. त्यांचे भाऊ हुसेन कारूब तिथे इमाम झाले. पंजाबातून आलेले अहमदिया धर्मप्रचारक मुफ्ती मुहम्मद सादिक याच सुमारास हायलंड पार्कला राहत होते आणि ‘मोस्लेम सनराइज’ हे नियतकालिक त्यांनी १९२१च्या जुलैमध्ये तिथूनच सुरू केले. मशीद मात्र फार टिकली नाही. समाजात एकमत झाले नाही, पैसा उभा राहिला नाही आणि काही वर्षांतच वास्तू हातची गेली. फोर्डने आपला मोठा कारखाना डिअरबॉर्नला नेला तसे कामगारही तिकडे सरकले. इमाम हुसेन कारूब यांनी पुढे अनेक वर्षे घरोघरी जाऊन लग्ने लावली, जनाजे केले, मुलांना शिकवले. इमारत गेल्यावरही शिकवणे चालू राहिले ते अशा फिरत्या माणसांमुळे.

याच वर्षांत मिशिगनमध्ये एक वेगळेच वादळ उठले होते, आणि मुसलमानांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. १९२० साली राज्यात सार्वमत झाले. प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच पाठवले पाहिजे, खासगी धार्मिक शाळा नकोत, अशी घटनादुरुस्ती करायची की नाही, असा प्रश्न होता. रोख कॅथलिकांवर आणि ल्यूथरपंथी जर्मनांवर होता. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. १९२४ साली तो पुन्हा आला आणि पुन्हा पडला. मधल्या काळात, १९२१ साली, राज्याने मध्यममार्गी कायदा केला: खासगी शाळा चालवा, पण राज्याची देखरेख राहील आणि शिक्षकांकडे राज्याचे प्रमाणपत्र हवे. ओरेगन राज्यात मात्र मतदारांनी १९२२ साली खासगी शाळांविरुद्ध कौल दिला होता. त्याविरुद्ध कॅथलिक जोगिणींची एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १ जून १९२५ रोजी जिंकली. मूल हे केवळ राज्याचे नव्हे, त्याला कुठल्या शाळेत घालायचे हे आईवडील ठरवू शकतात, असे न्यायालयाने म्हटले. आज अमेरिकेतली प्रत्येक इस्लामी शाळा कायद्याने त्या जोगिणींची ऋणी आहे.

निकाल लागला तरी परिसरातल्या पहिल्या मुस्लिम शाळेला त्याचा आधार मिळाला नाही. ती शाळा एका काळ्या स्त्रीच्या घरात सुरू झाली.

क्लारा एव्हान्स यांचा जन्म १८९९ सालचा, जॉर्जियातला. नवरा एलायजा पूल आणि मुलांसह त्या १९२३ साली दक्षिणेतला वंशद्वेष मागे टाकून डेट्रॉइट परिसरात आल्या. नवऱ्याला काम मिळे, सुटे, पुन्हा मिळे. १९३०मध्ये डब्ल्यू. डी. फार्ड नावाचा फेरीवाला डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीत कापड विकता विकता इस्लामचे नाव सांगू लागला, आणि त्यातून नेशन ऑफ इस्लाम ही संघटना उभी राहिली. तिची शिकवण जगातल्या बहुसंख्य मुसलमानांच्या श्रद्धेपासून बरीच दूर होती. पण काळ्या मुलांना सरकारी शाळेत काय शिकवले जाते, हा तिने विचारलेला प्रश्न खरा होता. त्या शाळांत त्यांच्या पूर्वजांचा उल्लेख आला तर गुलाम म्हणूनच येई. एलायजा पुढे एलायजा मुहम्मद झाले आणि क्लारा सिस्टर क्लारा. त्यांनी मुलांना शाळेतून काढले आणि घरीच शिकवायला बसवले. शेजारपाजारची मुले आली. वाचन, गणित, इतिहास, शिस्त आणि धर्म हे सगळे एकाच ठिकाणी. या घरच्या शाळेला नाव दिले युनिव्हर्सिटी ऑफ इस्लाम.

नाव विद्यापीठाचे, वर्ग लहान मुलांचे. आज वाचताना ते नाव मोठे वाटेल, पण ज्या मुलांना सगळे जग कमी लेखत होते त्यांना दाराशीच मोठे नाव दिसावे, यात त्या आईबापांचा हट्ट होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

१९३४ साली शिक्षण खात्याने हरकत घेतली. राज्याच्या लेखी ती शाळाच नव्हती. मुले शाळेत जात नाहीत, एवढेच खात्याला दिसत होते. पोलिसांनी धाड घातली, शिक्षकांना अटक झाली आणि अनुयायांचा जमाव पोलीस मुख्यालयावर चालून गेला. एलायजा मुहम्मद यांच्यावर अल्पवयीन मुलांना बिघडवण्यास हातभार लावल्याचा ठपका आला, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडले आणि मुले सरकारी शाळेत घालण्याचे बजावले. मुले त्या शाळेत गेली नाहीत. कुटुंब शिकागोला गेले आणि शाळाही तिथे गेली. एलायजा तुरुंगात किंवा भूमिगत असताना क्लारा यांनी संघटना आणि शाळा दोन्ही सांभाळल्या. त्या १९७२ साली वारल्या. १९७५मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर वॉरिथ दीन मुहम्मद यांनी संघटनेला मुख्य प्रवाहातल्या सुन्नी इस्लामकडे वळवले आणि देशभरच्या त्या शाळांना आईचे नाव दिले. सिस्टर क्लारा मुहम्मद शाळा म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. अमेरिकेतल्या पूर्णवेळ मुस्लिम शाळांची सर्वात जुनी परंपरा ही आहे. ती अरबांनी किंवा भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांनी घातलेली नाही. स्थलांतरितांच्या संस्था आपला इतिहास सांगताना १९६५पासून सुरुवात करतात तेव्हा क्लाराबाईंचे नाव राहून जाते, आणि हे राहून जाणे अन्यायाचे आहे.

१९६५चे महत्त्व मात्र मोठेच. त्या वर्षी अमेरिकेने देशवार कोटा रद्द करणारा स्थलांतराचा कायदा केला आणि भारत, पाकिस्तान, इजिप्त, सीरियातून शिकलेले लोक येऊ लागले. त्याआधी, १९६३च्या जानेवारीत, इलिनॉय विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांनी मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन स्थापन केली होती. हे विद्यार्थी शिकून परत जाणार होते. पुष्कळ गेले नाहीत. लग्ने झाली, मुले झाली, आणि मूल पाच वर्षांचे झाल्यावर घरात याला धर्म कुठे शिकवायचा हा प्रश्न आलाच.

मागे सोडलेल्या मुलखात त्याचे उत्तर तयार होते. कोकणातल्या कुठल्याही मुसलमान मोहल्ल्यात मूल पहाटे डोक्यावर टोपी किंवा ओढणी घेऊन मकतबात जाई, लाकडी रेहलवर सिपारा, म्हणजे कुराणाचा एक भाग, ठेवून मौलवीसाहेबांसमोर मोठ्याने वाची, आणि तासाभराने घरी येऊन दप्तर उचलून जिल्हा परिषदेच्या मराठी किंवा उर्दू शाळेत पोचे. मकतब पायी पाच मिनिटांवर, शाळा दहा मिनिटांवर. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम काढली ती आधुनिक शिक्षणासाठी, आणि पुढे अशा कितीतरी संस्थांना सरकारी अनुदान मिळाले. भारताच्या घटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढू देते, आणि अनुदान देताना अशी संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून भेदभाव करू नये असेही बजावते. त्याच वेळी कलम २८ संपूर्ण सरकारी खर्चाने चाललेल्या संस्थेत धर्मशिक्षण देऊ देत नाही. ही व्यवस्था निर्दोष नाही, पण तिच्यात राज्य, संस्था आणि मोहल्ला यांचा हिशेब बसलेला आहे.

ट्रॉय किंवा रॉचेस्टर हिल्समध्ये मोहल्ला नव्हता. घरे एकमेकांपासून मैलांवर आणि पहाटे साडेसातला सरकारी शाळेची पिवळी बस. मग अमेरिकेत रुजलेली एक सोय कामी आली: रविवारची शाळा. प्रोटेस्टंट चर्चांनी ती एकोणिसाव्या शतकात घरोघर पोचवली. फिलाडेल्फियात रेबेका ग्रात्झ यांनी १८३८ साली ज्यू मुलांसाठी तशीच शाळा काढली. डिअरबॉर्नच्या लेबनीज कुटुंबांनी १९३०-४०च्या दशकांत हॉलमधून आणि मशिदीच्या तळघरांतून तेच केले. १९६३मध्ये इमाम मोहम्मद जवाद चिर्री यांच्या पुढाकाराने जॉय रोडवर इस्लामिक सेंटर उभे राहिले. त्याला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनीही मदत केली होती. तिथेही मुलांचे वर्ग हे मुख्य काम होते. ट्रॉयच्या उत्तरेला रॉचेस्टर हिल्समध्ये इस्लामिक असोसिएशन ऑफ ग्रेटर डेट्रॉइट आणि पश्चिमेला ब्लूमफिल्ड हिल्समध्ये मुस्लिम युनिटी सेंटर ही दोन केंद्रे भारतीय, पाकिस्तानी आणि अरब कुटुंबांनी मिळून वाढवली. ट्रॉयची मुले वर्षानुवर्षे या शेजारच्या गावांत जात राहिली. भारतीय टेंपलमधले हिंदू मुलांचे बालविहार आणि महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा हीही याच आठवडी साच्यात बसलेली आहेत. ट्रॉयमधले मराठी आईबाप आणि हैदराबादी आईबाप रविवारी सकाळी एकाच प्रकारच्या गडबडीत मोटारीत मुले कोंबत असतात.

अशा वर्गाचा दिवस साधारण ठरलेला असतो. दाराशी बुटांचे ढीग. पाच-सहा वर्षांची मुले फरशीवर मांडी घालून नूरानी कायदा वाचतात: अलिफ, बे, ते, मग जबर-जेर-पेश, मग जोडाक्षरे. मोठी मुले एकेक करून शिक्षकापुढे सरकतात आणि सिपाऱ्याच्या चार ओळी वाचून दाखवतात. चूक झाली की शिक्षक बोट त्या अक्षरावर ठेवतो, बोलत नाही. मूल पुन्हा वाचते. दुसऱ्या तासाला पैगंबरांचे चरित्र, वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणे, कसा करायचा, नमाजातल्या हालचाली. शिकवणारी बहुतेक आई-मावशी मंडळी. आठवडाभर दवाखान्यात किंवा कंपनीत काम करून रविवारी फुकट येणारी. हा त्यागच आहे, पण त्याची मर्यादाही आहे. दोन-तीन तासांत, तेही वर्षाला तीसेक रविवारी, अरबी भाषा येत नाही. मुलांना वाचता येते, अर्थ कळत नाही. कोकणातल्या मकतबातही अर्थ कळत नसे, पण तिथे आजूबाजूचे सगळे गाव उरलेले शिकवत होते.

पुस्तकांचाही प्रश्न होता. भारत-पाकिस्तानातून आलेली उर्दू पुस्तके मुलांना वाचता येत नव्हती आणि अरब देशांतून आलेल्या पुस्तकांतली मुले उंटावर बसत होती. अबिदुल्ला गाझी आणि तस्नीमा गाझी या भारतातून गेलेल्या दांपत्याने हे अचूक ओळखले. त्यांनी १९८३ साली शिकागोत इक्रा इंटरनॅशनल एज्युकेशनल फाउंडेशन काढले आणि इयत्तेनुसार इंग्रजी पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांत स्वाध्याय होते, शब्दसूची होत्या, शिक्षकांसाठी सूचना होत्या. अमेरिकेतल्या इस्लामी शिक्षणात मशिदींच्या घुमटांइतकेच श्रेय या साध्या बांधणीच्या पुस्तकांना द्यायला हवे.

ज्यांना रविवार पुरेसा वाटला नाही त्यांनी पूर्णवेळ शाळा काढल्या. अ‍ॅन आर्बरमध्ये १९८०च्या दशकात मिशिगन इस्लामिक अकॅडमी सुरू झाली, पुढे कॅन्टनमध्ये क्रेसेंट अकॅडमी इंटरनॅशनल, फ्रँकलिनमध्ये हुदा स्कूल, डिअरबॉर्नच्या इस्लामिक सेंटरची मुस्लिम अमेरिकन यूथ अकॅडमी. गणित, विज्ञान, इंग्रजी राज्याच्या अभ्यासक्रमासारखे, शिवाय रोज कुराण, अरबी आणि दुपारची जमातीने नमाज. ट्रॉयच्या कुटुंबाला यांतली कुठलीही शाळा गाठायची तर मोटारीत बसून दुसऱ्या गावी जाणे आले, आणि मिशिगनच्या बर्फाळ जानेवारीत तो प्रवास सोपा नसतो. त्यात फीचा भार. १९७० साली मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून खासगी शाळांना सरकारी पैसा देणे बंद केले. तो वादही कॅथलिक शाळांवरून पेटला होता. पण परिणाम सगळ्यांना लागू झाला. आज ट्रॉयमधले कुटुंब सरकारी शाळेसाठी घरपट्टी भरते आणि वर इस्लामी शाळेची फी भरते. दोन-तीन मुले असतील तर हा आकडा घराच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागतो. म्हणून बहुतेक मुसलमान मुले सरकारी शाळेत आहेत आणि राहतील. पूर्णवेळ शाळांचा गवगवा जास्त, पटसंख्या थोडी.

जागेचा झगडा याही शाळांना चुकला नाही. अ‍ॅन आर्बरच्या अकॅडमीला जुनी इमारत अपुरी पडू लागली. तिने शेजारच्या पिट्सफिल्ड टाउनशिपमध्ये जमीन पाहिली आणि शाळेसाठी जमीनवापर बदलून मागितला. २०११मध्ये टाउनशिपने नकार दिला. कारणे सांगितली ती रहदारीची आणि शेजाऱ्यांच्या शांततेची. २०१५मध्ये न्याय विभागाने दावा लावला. २०१६च्या तडजोडीत टाउनशिपला १७ लाख डॉलर द्यावे लागले आणि शाळा बांधू द्यावी लागली. ट्रॉयच्या पूर्व हद्दीला लागून असलेल्या स्टर्लिंग हाइट्समध्ये २०१५ साली अमेरिकन इस्लामिक कम्युनिटी सेंटरला मशीद नाकारली गेली. न्याय विभाग डिसेंबर २०१६मध्ये कोर्टात गेला आणि पुढच्याच फेब्रुवारीत शहराने तडजोड केली. पिट्सफिल्ड, स्टर्लिंग हाइट्स, ट्रॉय: दहा वर्षांच्या आत एकाच महानगराच्या परिसरात तीन खटले, तिन्हींत वाद जमिनीच्या वापराचा. रहदारीची चिंता काही ठिकाणी खरीही असेल. पण तीच रहदारी चर्च किंवा समारंभाचा हॉल आला की कमी चिंतेची का होते, याचे उत्तर तिन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना नीट देता आले नाही.

या सगळ्याला कंटाळून, किंवा निव्वळ हौसेने, काही कुटुंबांनी क्लाराबाईंचाच मार्ग धरला आहे: घरची शाळा. विशेषतः हिफ्ज करणारी, म्हणजे सगळे कुराण पाठ करणारी मुले. त्याला दोन-तीन वर्षे रोज चार-पाच तास लागतात आणि ते नेहमीच्या शाळेच्या वेळापत्रकात मावत नाही. मिशिगनमध्ये हा मार्ग मोकळा झाला तो डियॉन्ग नावाच्या प्रोटेस्टंट कुटुंबामुळे. मुलांना धर्माच्या कारणाने घरी शिकवल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता, कारण १९२१च्या त्याच जुन्या कायद्यानुसार शिकवणाऱ्याकडे राज्याचे प्रमाणपत्र हवे होते. १९९३ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक कारणाने घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना ही अट लावता येणार नाही असे ठरवले. काही वर्षांत कायदाही सैल झाला. १९३४ साली डेट्रॉइटमध्ये ज्यासाठी पोलीस आले ते आज मिशिगनमध्ये कुठल्याही आईला उघडपणे करता येते.

सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठीही मिशिगनच्या कायद्यात एक दार आहे, पण त्याची माहिती फार थोड्या आईबापांना असते. पालकांनी लेखी मागणी केली तर मुलाला आठवड्यातून दोन तासांपर्यंत शाळेच्या आवाराबाहेर धर्मशिक्षणासाठी सोडता येते. अशा सवलतीला सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात मान्यता दिली होती. चर्चच्या गावांत ही सोय अजून वापरली जाते. मुसलमान कुटुंबांना ती वापरायची तर शाळेजवळ वर्ग हवा, आणि ट्रॉयमध्ये नेमका तोच नव्हता.

अगदी अलीकडे मात्र ऋणाची दिशा उलटली. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत शाळा मंडळाने समलिंगी आणि पारलिंगी पात्रे असलेली गोष्टींची पुस्तके लहान वर्गांत आणली आणि मुलांना त्या तासाला वगळण्याची सवलत काढून घेतली. विरोधात मुसलमान, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालक एकत्र कोर्टात गेले. खटला महमूद या मुस्लिम पालकांच्या नावाने चालला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. तो स्वागतार्ह की धोकादायक यावर अमेरिकेत तीव्र मतभेद आहेत, आणि मुसलमान समाजातही सगळे एका बाजूला नाहीत. इतके मात्र खरे की यापुढे धर्म आणि शाळा यांवरच्या खटल्यांत वकील १९२५च्या जोगिणींच्या शेजारी या नावाचाही दाखला देतील.

उरतात चौदा ते अठरा वर्षांची मुले. पुष्कळ इस्लामी शाळा आठवीला थांबतात आणि रविवारच्या वर्गातूनही मुले याच वयात गळतात. ट्रॉयसारख्या गावात ती हायस्कुलात जातात, आणि तिथे १९८४चा समान प्रवेशाचा केंद्रीय कायदा त्यांच्या कामी येतो. तो बायबल वाचणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मंडळांसाठी झाला होता. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. शाळेत बुद्धिबळाचा क्लब चालत असेल तर विद्यार्थ्यांनी काढलेल्या धार्मिक क्लबलाही खोली मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. अट एकच महत्त्वाची: बाहेरच्या माणसाने तो क्लब चालवायचा नाही, नियमित यायचेही नाही, आणि शिक्षकाने फक्त देखरेख करायची. म्हणजे इमाम नाही, मौलवीसाहेब नाहीत, आईवडील नाहीत. मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनच्या अशा शाखेत शुक्रवारची नमाज असली तर बाके मुलेच भिंतीला सरकवतात, चादर मुलेच अंथरतात, आणि जुम्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन, अकरावी-बारावीतला एखादा मुलगा आदल्या रात्री इंग्रजीत लिहून, मध्ये येणाऱ्या अरबी आयती पाठ करून, वर्गमित्रांसमोर उभा राहून देतो.